यशोदाबाईंचं पोट आणि पेठचं पाणी

बारकूराव भोये पेठच्या गाडीने मोहाची दारू मागवतात, ही बातमी आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगमध्ये सकाळी तळमजल्यावर जन्मली आणि संध्याकाळी बायका कपडे काढायला गच्चीवर गेल्या तोवर चांगली चालायला लागली होती. पुरावाही भक्कम होता. दर मंगळवारी बारकूराव एसटीच्या वर्कशॉपमधून सुटले की स्टँडवर जात, पेठहून येणाऱ्या गाडीची वाट बघत उभे राहत, आणि अंधार पडायच्या आत सायकलच्या कॅरिअरला पांढरा प्लॅस्टिकचा कॅन बांधून घरी येत. कॅनच्या तोंडावर फडकं, फडक्यावर सुतळी. जिना चढताना तो कॅन ते तान्ह्या लेकरासारखा छातीशी धरीत, आणि कोणी विचारलं, काय आणलंत, तर नुसते हसत. डोंगराकडचा माणूस, हातात कॅन आणि तोंडावर हसू. कॉलनीला एवढ्यावर वर्षभर पुरलं असतं.

पुरलं नाही याचं श्रेय किशोररावांना. हे सोसायटीचे खजिनदार. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट तपासून घ्यायची सवय त्यांना खजिनदार होण्याच्या आधीपासूनची. एका मंगळवारी बारकूराव कॅन जिन्याखाली ठेवून सायकलला कुलूप लावायला वळले, तेवढ्यात किशोररावांनी सुतळी सोडली, झाकण फिरवलं आणि सोसायटीच्या हितासाठी एक मोठा घोट घेतला. त्यानंतर बराच वेळ ते जिन्याखालीच उभे होते म्हणतात. घरी येऊन बायकोला, म्हणजे संध्याताईंना, त्यांनी पडलेल्या आवाजात सांगितलं की पाणी आहे. विहिरीचं साधं पाणी. थोडा मातीचा वास येतो, एवढंच.

कॉलनी हिरमुसली खरी, पण लगेच सावरलीही. दारू मागवणारी माणसं पुष्कळ असतात. घरात नळ असताना, गोदावरीकाठच्या शहरात, डोंगरातून एसटीने पाणी मागवणारा माणूस एकच. संध्याताई वाटीभर साबुदाण्याची खिचडी घेऊन वर गेल्या आणि रिकामी वाटी घेऊन खाली आल्या, तेव्हा त्यांना सगळं कळलं होतं. बारकूरावांच्या बायकोचं, यशोदाबाईंचं, पोट साफ होत नाही, आणि गावचं पाणी हे त्यावरचं औषध आहे.

यातलं पोटाचं खरं होतं, औषधाचं नव्हतं. पण ते खरं नाही हे अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकट्या यशोदाबाईंना माहीत होतं. बारकूरावांनाही नाही.

यशोदाबाई आणि मालनबाई या जावा. वाळू आणि बारकू या दोघा भावांची लग्नं एकाच मांडवात लागली, त्यामुळे दोघी एकाच दिवशी पेठकडच्या त्या घरात आल्या. थोरली कोण आणि धाकटी कोण हे नात्याने ठरलेलं असलं तरी दोघींनी ते मनावर घेतलं नाही. एकमेकींना नावानेच हाक मारायच्या. पहिल्या पहाटे नव्या गावात जायचं कुठं हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. सासूने दोघींच्या हातात एकेक डबा दिला, ओहळाकडे बोट दाखवलं आणि ती भाकरी थापायला बसली.

ज्यांना नाकाला पदर लावायचा त्यांनी इथे खुशाल लावावा, पण गोष्ट तिथूनच सुरू होते. ओहळाकडे जायची वाट लांब होती. मोहाची झाडं, मग खडकाळ उतार, मग करवंदीच्या जाळ्या. दोघी चालत चालत बोलत. जाळीपाशी आल्या की एक या बाजूला, एक त्या बाजूला, आणि बोलणं चालूच. मधे काटे, पानं आणि झोपेतून उठलेली पाखरं. सासूने कालवणात मीठ किती घातलं इथपासून वाळूदादा झोपेत काय बरळतो इथपर्यंत सगळं त्या जाळीच्या आरपार जायचं यायचं. कधी कधी एकीला हसू आवरत नसे, मग दुसरी तिकडून खडा मारायची. सूर्य वर आला की घरी परत, आणि मग चूल, नागलीचं दळण, भाताची लावणी, गुरं, पोरं. दिवसभर दोघी एकाच घरात असत, पण बोलायला म्हणून दिवसाचा तेवढाच तुकडा त्यांचा स्वतःचा होता.

उठल्या उठल्या चुलीवरचं कोमट पाणी, आदल्या दिवशीच्या नागलीच्या आंबिलीचा पेलाभर घोट, मग ती चाल आणि ते बोलणं. आपल्याला पोट आहे हे यशोदाबाईंना त्या दिवसांत फक्त भूक लागल्यावर कळायचं.

बारकूराव तेव्हा नाशकात एसटीच्या वर्कशॉपला होते. तिघाचौघा मेकॅनिकांनी मिळून घेतलेल्या खोलीत राहायचं, स्टोव्हवर खिचडी शिजवायची आणि शनिवारच्या गाडीने गावी जायचं, असा त्यांचा संसार वर्षानुवर्षं चालला होता. एका श्रावणात मालन माहेरी गेली होती. यशोदाबाई एकट्याच ओहळाकडे गेल्या, शेवाळावरून पाय घसरला आणि मनगट मोडलं. गावच्या माणसाने हाड बसवलं, पण ते वाकडंच जुळलं. शनिवारी बारकूराव आले. त्यांनी ते मनगट हातात घेऊन पाहिलं. सोमवारी निघताना उंबऱ्यात उभे राहून एवढंच म्हणाले, की तुला असल्या कामासाठी दाराबाहेर पाऊल टाकावं लागणार नाही असं घर मी घेईन.

घ्यायला पुष्कळ वर्षं गेली. शहाण्णव साली इंदिरानगरात दोन खोल्या झाल्या. पोरींची लग्नं होऊन गेली होती, मागे कसला पाश नव्हता. यशोदाबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा बारकूरावांनी त्यांना स्वयंपाकघर दाखवलं नाही, गॅस दाखवला नाही, खिडकीतून दिसणारा कालव्याचा पाट दाखवला नाही. हात धरून थेट संडासात नेलं. खांद्याइतक्या उंचीपर्यंत पांढऱ्या फरशा, हाताशी नळ, पितळी कडी. फरशा त्यांनी रजा टाकून, गवंड्याच्या शेजारी बसून स्वतः लावल्या होत्या. कडी लावून दाखवली, काढून दाखवली, पुन्हा लावून दाखवली. वर्कशॉपमध्ये इंजिन एका झटक्यात सुरू झालं की माणसाच्या तोंडावर जे येतं, ते त्यांच्या तोंडावर होतं.

यशोदाबाई म्हणाल्या, लय भारी हाय. मनापासून म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे उठल्या, आत गेल्या, कडी लावली आणि बसून राहिल्या.

आत सगळं पांढरं. आवाज म्हणाल तर आपल्याच श्वासाचा. पाखरू नाही, पान नाही, पलीकडून कोणी विचारणारं नाही की रात्री तू भांडं कशाला आपटलं. थोड्या वेळाने मात्र दाराबाहेर पावलं वाजली आणि बारकूरावांनी प्रेमाने विचारलं, झालं का गं? एवढं ऐकलं आणि पोटाने आतून दुसरी कडी लावून घेतली.

ती लागली ती लागलीच. आठवडा गेला, महिना गेला. पोट दगडासारखं, डोकं जड, तोंडाला चव नाही. नागलीच्या दोन भाकरी उभ्या उभ्या खाणारी बाई अर्ध्या पोळीवर हात धुवायला लागली. बारकूराव मेकॅनिक माणूस. बिघाड आहे म्हणजे दुरुस्ती आहेच, हा त्यांचा धर्म. त्यांनी एरंडेल आणलं, इसबगोल आणलं, त्रिफळा आणला, रात्री दुधात तूप घालून दिलं. औषध घेतलं की एक दिवस पोट घाबरून चालायचं आणि मग पुन्हा हटून बसायचं. आणि दर सकाळी दाराबाहेर तोच मायेचा प्रश्न. यशोदाबाईंना त्यांना सांगता येईना की अहो, निदान विचारू तरी नका.

शेवटी बारकूराव त्यांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. तरुण बाई, पण ऐकून घेणारी. पोट दाबून पाहिलं, काळजीचं काही नाही म्हणाली, रोज औषध घेऊन आतड्याला सवय लावू नका म्हणाली. भाजी, भाकरी, ताक, भरपूर पाणी, सकाळची ठरलेली वेळ आणि थोडं चालणं, एवढं सांगितलं. मग पेन खाली ठेवून तिने विचारलं, "गावाकडे होता का हा त्रास?"

"नाय."

"मग तिकडे सकाळी काय करायचात, जे इथे होत नाही?"

यशोदाबाईंच्या जिभेवर उत्तर आलं होतं. शेजारच्या खुर्चीवर बारकूराव पुढे वाकून बसले होते, गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून. नखांत काळं वंगण होतं, ते कधीच निघत नसे, आणि अंगठ्याच्या पेरापाशी फरशीच्या सिमेंटने पडलेली चीर अजून पुरती भरली नव्हती. यशोदाबाईंनी त्या अंगठ्याकडे पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "पाणी प्यायचो. आमच्या विहिरीचं पाणी लय हलकं."

झालं. मेकॅनिकला बिघाड सापडला. बारकूरावांनी त्याच आठवड्यात पेठच्या गाडीवरचा ड्रायव्हर अमीरभाई गाठला. मंगळवारी सकाळी रिकामा कॅन गाडीबरोबर डोंगर चढायला लागला, तिकडे फाट्यावर मालन तो विहिरीवरून भरून आणून द्यायची आणि संध्याकाळी भरलेला कॅन घाट उतरायचा. किशोररावांनी ज्याची चव घेतली ते हेच पाणी.

पण कॅनबरोबर निरोप यायचे, ते किशोररावांना दिसले नाहीत. मालन अमीरभाईंच्या खिडकीपाशी उभी राहून सांगायची, अमीरभाई स्टँडवर बारकूरावांना सांगायचे आणि बारकूराव घरी येऊन, चपला काढता काढता, यशोदाबाईंना. इतक्या हातांतून येईपर्यंत निरोपाचा अगदी सांगाडा व्हायचा. बकरी व्याली म्हणे. मग यशोदाबाई विचारायच्या, कुठली बकरी, ठिपक्यांची का कानतुटकी? किती पिल्लं? मालन काय म्हणाली, हसून म्हणाली का वैतागून? बारकूराव म्हणायचे, हे मी अमीरला कसं विचारू, तो गाडी लावत होता. एकदा निरोप आला की कमळाबाईची सून परत आली. एवढाच. गेली कधी होती, हेच यशोदाबाईंना ठाऊक नव्हतं. तो आठवडा त्यांनी कसा काढला हे त्यांचं त्यांना माहीत.

आता गंमत बघा. बुधवारी सकाळी यशोदाबाईंचं पोट थोडं का होईना, पण साफ व्हायचं. त्या पांढऱ्या खोलीत बसून त्यांच्या मनात बकरी घोळत असायची. ठिपक्यांचीच असणार, कानतुटकीला इतक्यात कुठली पिल्लं. आणि मालन म्हणाली असेल, हिच्यासारखी आळशी बकरी बघितली नाय, व्यायलासुद्धा शेवटी बसली. यशोदाबाईंना एकट्याच हसू यायचं, आणि काम होऊन जायचं. बाहेर बारकूराव पाण्याचा जयजयकार करायचे. आठवड्याला दोन कॅन मागवू का, असंही त्यांनी सुचवलं. यशोदाबाईंनी विचार केला, दोन कॅन म्हणजे निरोपही दोन, आणि लगेच हो म्हणाल्या. पण अमीरभाईंची पाळी पेठच्या गाडीवर आठवड्यातून एकदाच असायची, तेव्हा ते जमलं नाही.

खिचडीच्या वाटीनंतर बिल्डिंगने हे पोट दत्तक घेतलं. संध्याताईंनी कोमट पाण्यात लिंबू सांगितलं. समोरच्या बिलकिसआपांनी घरी घातलेल्या गुलकंदाची बरणी दिली. कोणी पपई आणली, कोणी रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका. यशोदाबाई सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या. कोणाचं मन मोडायचं नाही ही त्यांची जुनी खोड. एका शनिवारी रात्रीपासून रविवारी सकाळपर्यंत त्यांनी प्रत्येकीच्या मानाखातर प्रत्येकीचं थोडं थोडं घेतलं. रविवारभर त्या कडी आणि पलंग यांच्यामध्ये होत्या. संध्याकाळी चौघीजणी चौकशीला आल्या आणि गुण कोणाच्या औषधाचा यावरून जिन्यात जी बोलाचाली झाली, तिच्यामुळे संध्याताई आणि बिलकिसआपा दिवाळीपर्यंत एकमेकींशी फक्त कामापुरतं बोलत होत्या. यशोदाबाईंचं पोट मात्र सोमवारी पुन्हा जागच्या जागी.

शिमग्याला आणि लावणीला त्या गावी जायच्या. तेवढे दिवस पहाटे दोघी ओहळाकडे, जाळीच्या अलीकडे पलीकडे. तेवढे दिवस पोट शहाण्यासारखं वागायचं. बारकूराव म्हणायचे, बघ, ताजं पाणी. यशोदाबाई मान हलवायच्या. त्यांनी मनाशी हिशेब धरला होता. बारकूराव रिटायर होतील, मग इथल्या दोन खोल्या एखाद्या पोरीला देऊ आणि गावी जाऊ. मग रोज पहाटे मालन. बाकी त्यांना म्हातारपणाकडून काही नको होतं. गॅलरीत उभ्या राहून त्या पाटाच्या पलीकडे, पेठच्या अंगाला पाहत राहायच्या. दिसायचं काही नाही. नवीन बिल्डिंगांचे सांगाडे आणि त्यांच्यावर बांधलेले बांबू. तरी पाहायच्या.

अशी सात-आठ वर्षं निघाली. कॅन फुटले, नवे आले. अमीरभाईंच्या दाढीत पांढरं आलं. आणि एका मंगळवारी बारकूराव जिना चढतानाच मोठ्याने सांगत आले, की गावात घरोघर संडास झाले. सरकारी मोहीम आली, ओहळाकडे जायला आता बंदी आहे, जो जाईल त्याला दंड. मालनवहिनीच्या दारातसुद्धा झाला म्हणे, निळ्या पत्र्याच्या दाराचा. बारकूरावांना आनंद झाला होता आणि तो खरा होता. वहिनीचं मनगट तरी वाचलं, असं ते म्हणाले.

यशोदाबाई चांगलं झालं म्हणाल्या. त्या रात्री जेवल्या नाहीत. त्या बुधवारी पोटानेही काही ऐकलं नाही.

त्या शिमग्याला दोघं गावी गेली. पहिल्या पहाटे यशोदाबाई उठल्या, सवयीने डबा भरला आणि ओसरी ओलांडून मालनच्या खोलीच्या दाराशी उभ्या राहिल्या. मालन बाहेर आली ती गळ्यात शिट्टी अडकवूनच. गावच्या समितीवर तिला घेतलं होतं; पहाटे फिरायचं आणि कोणी डबा घेऊन निघालं की शिट्टी मारायची, हे तिचं काम. तिने यशोदाबाईंच्या हातातला डबा पाहिला. शिट्टी ओठांपर्यंत नेली आणि खाली सोडली.

डबा ठेव, ती म्हणाली. दंड मलाच घ्यावा लागंल.

यशोदाबाईंनी डबा ओट्यावर ठेवला. दोघी काही वेळ निळ्या दाराकडे पाहत उभ्या राहिल्या. मग मालन पायात चपला सरकवत म्हणाली, चल, आणि रिकाम्या हातांनी निघाली.

वाट अर्धी बुजली होती. मोहाखाली कोणाची पावलं नव्हती, नुसती फुलं. जाळीपाशी आल्यावर मालन पलीकडे गेली, यशोदाबाई अलीकडे, आणि दोघी लुगड्याचा घोळ आवरून नुसत्या खडकावर बसल्या.

"तू गेल्यापास्नं माझंबी तसंच हाय," मालन पलीकडून म्हणाली.

"काय?"

"पोट. काय दुसरं."

"मग कधी बोलली नाय ती?"

"तू आली की बरं होतंय. मग बोलायचं काय?"

यशोदाबाईंना हसू यायला लागलं, आणि ते भलतीकडेच वळायला लागलं तेव्हा त्यांनी पदर तोंडाशी धरला. पलीकडून खडा आला. मग जी सुरुवात झाली ती कमळाबाईच्या सुनेपासून. ती या खेपेला का गेली, कोणाबरोबर गेली, का परत आली. मग लावणीपासूनच्या निरोपांचे सांगाडे, एकेकाला मांस भरत. सूर्य मोहाच्या शेंड्याला लागला तेव्हा दोघी उठल्या, घरी आल्या आणि निळ्या दारामागे आळीपाळीने जाऊन हसऱ्या तोंडाने बाहेर पडल्या.

बारकूराव अंगणात वाळूदादांबरोबर चहा पीत बसले होते. त्यांनी बायकोचा चेहरा पाहिला आणि बशी खाली ठेवून म्हणाले, बघ, म्हणत नव्हतो, इथलं पाणी.

"भावजी," मालन म्हणाली, "पाण्यात काय बी नाय. तेच पाणी मी बारा महिने पिते. तिला तिकडं बोलायला कोण हाय?"

वाळूदादा खोकले आणि गोठ्याकडे गेले. बारकूरावांनी यशोदाबाईंकडे पाहिलं, मग अंगणाच्या कोपऱ्यात धुऊन ठेवलेल्या पांढऱ्या कॅनकडे. कान लाल झाले. दुपारी निळ्या दाराची बिजागरी कुरकुरत होती, तिला तेल घालत बसले.

परतीच्या दिवशी फाट्यावर गाडीची वाट बघताना यशोदाबाईंनी मालनला म्हटलं, तू चल चार महिने नाशकाला. मालन म्हणाली, आणि ह्यांचा दमा कोण बघंल, बकऱ्या कोण सोडंल? मग तीच म्हणाली, तू ये रिटायर झाल्यावर. यशोदाबाईंनी बारकूरावांकडे पाहिलं. त्यांचे गुडघे गेले होते, दर महिन्याला दवाखाना होता, फाट्यापासून गावापर्यंतचा चढ त्यांच्याने होत नव्हता. दोघींनाही ते दिसत होतं. गाडी वळणावर दिसली तेव्हा मालनने त्यांचं ते वाकडं मनगट घट्ट धरलं.

"तांबडं फुटलं की मी निघते," ती म्हणाली. "तूबी तिकडं निघ. तू तुझं बोल, मी माझं बोलते."

गाडीत बारकूराव खिडकीबाहेर पाहत होते. मांडीवर कॅन नव्हता, त्यामुळे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. घाट उतरून झाल्यावर त्यांनी विचारलं, डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा का नाही बोललीस?

"तुम्ही एवढ्या फरशा लावल्या होत्या," यशोदाबाई म्हणाल्या.

"मग आता काय, फोडून टाकू का त्या?"

"कशाला? चांगल्या हायेत. त्यांना बोलता येत नाय, त्याला त्या काय करतील?"

बारकूरावांनी खिडकीची काच ओढून घेतली. मग म्हणाले, उद्यापासून मी दाराबाहेर उभा राहणार नाही. यशोदाबाईंनी त्यांच्या रिकाम्या हातावर हात ठेवला आणि गाडी पंचवटीत शिरेपर्यंत तो काढला नाही.

दुसऱ्या दिवसापासून यशोदाबाई पहाटे कोमट पाणी पिऊन, नागलीच्या आंबिलीचा घोट घेऊन पाटाच्या कडेने चालायला लागल्या. आंबील आता घरातच आंबायची. गाडीबरोबर पाण्याऐवजी नागलीचं पीठ यायचं. चालताना त्या बोलायच्या. मोठ्याने नाही, पण शेजारून जाणाऱ्याला कळेल इतकं. संध्याताईंचा नवा मिक्सर, बिलकिसआपांच्या नातवाची सुंता, बारकूरावांचे गुडघे. आणि मधे मधे थांबायच्या. पाऊल चालू, बोलणं बंद, मान किंचित कलती. मालनला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ. मग कधी हसायच्या, कधी म्हणायच्या, असं कसं गं, आणि पुढे निघायच्या. घरी परत येऊन पांढऱ्या खोलीची कडी लावायच्या. बारकूराव तेव्हा गॅलरीत पेपर वाचत असायचे, मुद्दाम लांब. कडी निघेपर्यंत पान उलटायचे नाहीत, आणि निघाली की चहा ठेवायला उठायचे.

सुरुवातीला बिल्डिंगने याचंही काहीबाही केलं. मग संध्याताईंना साखर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि आमच्याकडच्या पाचसहा बायकांनी पांढरे बूट घेऊन पहाटेचा एक ग्रुप काढला. पहिल्याच दिवशी पाटाच्या वळणावर त्यांना यशोदाबाई दिसल्या. पायात साधी चप्पल, पदर डोक्यावर, तोंड पश्चिमेकडे आणि चाल संथ. संध्याताईंना त्यांचं वाईट वाटलं. त्या झपाझप पुढे झाल्या, बाकीच्या मागून आल्या आणि सगळ्यांनी मिळून यशोदाबाईंना गाठलं.

संध्याताई म्हणाल्या, "यशोदाबाई, एकट्याच कशाला चालता? आम्ही येतो की जोडीला."

यशोदाबाईंनी हात थोडा वर केला आणि त्यांना थांबवलं. थोडा वेळ तशाच ऐकत चालल्या. मग ओठ दाबून हसल्या आणि मान वळवून म्हणाल्या, "या की. पण मधी बोलू नका. आता मालन बोलतेय."